सिद्धगडाच्या पायथ्याशी दोन मिनिटं

11 नोव्हेंबर 1919. तुम्ही खर्डी स्टेशनवर उभे आहात. मागे आटगाव, पुढे कसारा. हवेत नुकत्याच कापलेल्या भाताचा वास आहे. महायुद्ध थांबून आज बरोबर वर्ष झालं. लंडनहून पाचव्या जॉर्ज बादशहाने साऱ्या साम्राज्याला सांगितलंय, अकराच्या ठोक्याला दोन मिनिटं काम थांबवा, गाड्या थांबवा, युद्धात पडलेल्यांना आठवा. साम्राज्यभर अशी स्तब्धता पाळण्याची ही पहिलीच वेळ.

तुम्ही पाय जुळवता. डोळ्यांसमोर मेसोपोटेमिया येतो. कुतच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. उपाशी पोटी लढलेली ती पोरं आपल्याच मुलखातली, सातारा-रत्नागिरीकडची. त्यांच्यासाठी मान झुकवायला बादशहाचं फर्मान लागत नाही. पण समोरच्या खळ्यावर झोडणी चालूच आहे. पेंढी वर जाते, खाली येते, दाणे उडतात. त्या माणसांना कुत कुठे आहे हे कुणी सांगितलेलं नाही. कुणासाठी थांबायचं तेच माहीत नसेल, तर हात कसे थांबणार?

आता तेवीस वर्षं पुढे या.

2 जानेवारी 1943, उजाडायच्या आधीची वेळ. मुरबाड तालुक्यातलं सिद्धगडाचं रान. थंडी हाडांत शिरते. पायाखाली वाळलेला पाला आहे, एक पाऊल टाकलं तरी आवाज दूर जातो, म्हणून तुम्ही श्वाससुद्धा जपून घेता. राखेखालच्या निखाऱ्यांवर कुणीतरी तळवे धरलेत. बोटांवर चीक आणि माती, नखं काळी, मनगट बारीक झालेलं. आठवडेच्या आठवडे रानात काढलेल्या माणसाचे हात आहेत हे.

हा आझाद दस्ता. म्होरके विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सगळ्यांचे भाई. वय तीस. माथेरानच्या नाभिक घरातला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. सावकाराच्या दारात शेतकऱ्याला जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या. बेचाळीसची चळवळ पेटली तशी वकिली बाजूला ठेवली. मुंबईला वीज नेणारे मनोरे या दस्त्याने रातोरात आडवे केले. सरकारने भाईंना पकडून देणाऱ्याला इनाम लावलं. सोबत मानिवलीचे हिराजी पाटील आहेत. हिराजींचे वडील गोमाजी पाटील, तेही याच दस्त्याचे. बापलेक एकाच लढ्यात, हे मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत मोठं वाटतं.

तुम्हाला ओरडावंसं वाटतं. खबर फुटली आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. पण तुमचा आवाज या काळात पोचत नाही.

बंदुका कडाडतात. हिराजी पडतात. भाईंच्या मांडीत गोळी शिरते. हॉल नावाचा पोलीस अधिकारी जवळ येतो आणि जखमी भाईंवर पुन्हा गोळी झाडतो.

त्या सकाळी तिथे कुणी स्तब्ध उभं राहत नाही. जे वाचले त्यांना पळायचं आहे. म्हणून ती दोन मिनिटं राहून गेली, आणि ती आपल्याकडे आली.

आता तुम्ही आपल्या काळात आहात. तारीख तीच, 2 जानेवारी, पहाटही तीच. सिद्धगडाच्या स्मारकाशी माणसं जमली आहेत. मुरबाडची आहेत, कर्जतची आहेत. एक म्हातारी शाल सावरत विचारते, "कुठून आलात बाबा?" तुम्ही म्हणता, "खर्डीहून." ती सरकून जागा देते. मग कुणीतरी सूचना देतं, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आहे. पहिलं अर्धं मिनिट तुमचं लक्ष गारठलेल्या बोटांकडे असतं. मग पाला वाजतो, आणि पोटात खड्डा पडतो, कारण तो आवाज तुम्ही ऐकलेला आहे.

बादशहाने आपल्या सैनिकांसाठी सुरू केलेली ही रीत त्याच्याच राज्याशी लढून पडलेल्यांसाठी पाळली जाते. मला त्यात विसंगती दिसत नाही. मान झुकवायची ती पडलेल्या माणसापुढे, फर्मानापुढे नाही.

दर 30 जानेवारीला अकरा वाजता देशभर हुतात्म्यांसाठी दोन मिनिटं पाळायची असतात. 10 वाजून 59 मिनिटांनी भोंगा वाजतो. तो ऐकू आला तर जिथे असाल तिथे थांबा. पण त्याआधी, येत्या 2 जानेवारीला, एकदा सिद्धगडाला जा. खर्डीहून शहापूर, मुरबाड, म्हसा, असा रस्ता आहे. रात्रीच निघावं लागेल. मुलांना सोबत न्या, आणि उभं राहण्याआधी त्यांना दोन्ही नावं सांगा, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील.