एस्प्लनेड मॅन्शन

एस्प्लनेड मॅन्शन : मुंबईच्या काळा घोडा भागातील, पूर्वी ‘वॉटसन हॉटेल’ या नावाने विख्यात असलेली बिडाच्या सांगाड्याची ऐतिहासिक इमारत. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत किल्ल्याची तटबंदी पाडली गेल्यावर जी विस्तीर्ण जमीन मोकळी झाली, तिच्यावर जॉन वॉटसन या कापडाच्या इंग्रज व्यापाऱ्याने 1867 ते 1869 या काळात हा इमला उभारविला. आराखडा रोलँड मेसन ऑर्डिश या स्थापत्य अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या अवाढव्य छताच्या रचनेतही त्याचा हात होता.

इमारतीचे खरे वैशिष्ट्य तिच्या हाडांत आहे. बिडाचे खांब व तुळ्या इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईस आणल्या गेल्या आणि येथे त्यांची जुळणी झाली. सारा भार या सांगाड्यावर तोलला असल्याने, त्यामधील विटांच्या भिंतींकडे केवळ आडोशाचे काम उरले. रस्त्याकडील लांबलचक सज्जे, त्यांचे नक्षीदार कठडे आणि ओळीने उभे असलेले सडपातळ खांब पाहताना, शेजारच्या दगडी वास्तूंचा भारदस्तपणा हिला का नको होता, हे ध्यानी येते.

मूळ बेत कापडविक्रीच्या दालनाचा होता. प्रत्यक्षात नावारूपास आले ते उतारूंचे हॉटेल. 1896 साली मार्क ट्वेन येथे उतरला आणि सज्जात जमणाऱ्या कावळ्यांवर त्याने फर्मास मजकूर लिहिला. त्याच वर्षी 7 जुलै रोजी ल्यूमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ येथेच, एक रुपया तिकिटावर झाला. जमशेटजी टाटा यांना येथे प्रवेश नाकारला गेला म्हणून त्यांनी ‘ताज’ बांधले, ही आख्यायिका मुंबईकर मोठ्या चवीने सांगतात. तिला भक्कम आधार मात्र नाही.

हॉटेल बंद पडल्यावर दालनांत पडद्या घालून बिऱ्हाडे व गाळे पाडण्यात आले. न्यायालय हाकेच्या अंतरावर असल्याने वकिलांनी येथे कचेऱ्या थाटल्या. जो सांगाडा भिंतींच्या ओझ्यातून मुक्त म्हणून वाखाणला गेला, त्याच्याच जमिनींवर या नव्या पडद्यांचे व पोटमाळ्यांचे ओझे चढले. जुन्या भाड्याच्या तुटपुंज्या वसुलीत डागडुजीला कोणी वाली उरला नाही. 2005 मध्ये सज्जाचा काही भाग कोसळून प्राणहानी झाली. 2019 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून इमारत रिकामी करण्यात आली. त्या सुमारास मुंबईच्या आयआयटीने ती पाडावी असा अभिप्राय दिला, तर वारसा-जतन क्षेत्रातील अभियंत्यांनी ती दुरुस्त होऊ शकते असे प्रतिपादन केले.