सभा : एका शब्दाची सोयरीक

वसंत ऋतूत गोदाकाठच्या यशवंतराव महाराज पटांगणावर आपण सायंकाळी जमतो. वक्ता उठतो आणि आपल्याला 'सभ्य स्त्रीपुरुष हो' असे संबोधतो. 'सभ्य' म्हणजे मुळात सभेला योग्य, सभेत बसण्यास पात्र. आधी सभा, मागाहून सभ्यता! या सभेचे कूळ शोधू लागलो की, आपण गोदाकाठ सोडून थेट उत्तर युरोपात जाऊन पोहोचतो.

जर्मन, इंग्रजी, गॉथिक, नॉर्स या भाषा एका आईच्या लेकी. त्या सर्वांत एक शब्द आढळतो. जर्मनमध्ये तो 'झिप्पे', जुन्या इंग्रजीत 'सिब्ब', गॉथिकमध्ये 'सिब्या'. अर्थ एकच : नातेगोते, भाऊबंदकी. संस्कृतातील 'भ' त्या भाषांत 'ब' होऊन येतो, हे 'भ्रातृ' आणि 'ब्रदर' या जोडीवरून ध्यानात येईल. याच नियमाच्या आधारे अनेक भाषाशास्त्रज्ञ आपल्या 'सभे'ची या शब्दाशी सोयरीक जुळवितात आणि दोहोंच्या मुळाशी 'स्व' म्हणजे 'आपले' हा भाव पाहतात. तात्पर्य, सभा म्हणजे प्रथम आपल्या माणसांचा मेळा.

मग 'आपले' कोण, हा प्रश्न उरतोच. आणि या शब्दाचा सारा इतिहास म्हणजे त्या एका प्रश्नाला निरनिराळ्या काळी मिळालेली उत्तरे होत. जुन्या इंग्रजीत 'सिब्ब' म्हणजे नाते, तसेच शांतताही. कारण जेथे नाते तेथे वैर नाही. चौथ्या शतकात उल्फिलाने बायबल गॉथिक भाषेत आणले, तेव्हा दत्तकपुत्राचे नाते सांगण्यास त्याने हाच शब्द योजिला. म्हणजे रक्ताचे नसलेलेही आपले होऊ शकतात, एवढा विस्तार त्या शब्दाने तेव्हाच सोसला होता. इंग्रजीतील 'गॉसिप' हाही याच घरातला. मुळात तो बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्ममाता-धर्मपित्याचा वाचक. पुढे जिवलग मैत्रिणीचा झाला आणि शेवटी त्यांच्या कुचाळक्यांचा! पण शब्द रुंदावतात तसे आक्रसतातही. २० जुलै १९४४ रोजी हिटलरच्या वधाचा प्रयत्न फसला, तेव्हा कटवाल्यांच्या बायकामुलांना व आप्तांना धरून कोंडण्यात आले. त्या शिक्षेचे नाव 'झिप्पेनहाफ्ट'. नाते हाच अपराध ठरला.

आपल्याकडे हा शब्द घरातून चावडीवर आला. ऋग्वेदातील जुगारी फासे खेळण्यास जातो तो सभेतच. महाभारतातही द्यूत सभेतच मांडले गेले. त्या सभेत आजे होते, काका होते, दीर होते, सारे आप्तच. तरीही द्रौपदीच्या प्रश्नाला थोर म्हणविणाऱ्यांकडून उत्तर मिळाले नाही. सभा आप्तांची असली म्हणजे न्यायाची असतेच असे नाही, हे व्यासांनी आपल्याला केव्हाच दाखवून ठेवले आहे.

आता नाशिककरांनी आपल्या पांडवलेण्यांकडे वळावे. १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे. काळ इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतला. त्याने भिक्षुसंघाला ३,००० कार्षापण दिले आणि ते गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून गुंतविले. २,००० वर दरमहा शेकडा एक असे व्याज. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी १२ द्यावयाचे. हिशेब करून पाहा : वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे २४०. उरलेल्या १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दलास हात लावावयाचा नाही. हे सर्व 'निगमसभे'त म्हणजे नगराच्या सभेत जाहीर करून फलकावर नोंदविले, असे लेख सांगतो. दाता शक, घेणारे चहूदिशांचे भिक्षू, ठेव राखणारे कोष्टी. तिघांची गोत्रे तीन, आणि ग्वाही मात्र एका सभेची. मूळचा 'आपल्यांचा मेळा' नाशिकच्या दगडात नगराचा झालेला दिसतो, तोही सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी!

मराठेशाहीत वतनाचे तंटे 'गोतसभे'पुढे येत. नावातच नाते आणि बैठक दोन्ही आली. पण हे 'गोत' एका रक्ताचे नव्हते. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असे सारे वतनदार त्यात मोडत. महारही हजर असे आणि महजरावर त्याचीही निशाणी पडे. वतनाच्या बांधाचा साक्षी म्हणून तो गोतातला होता. देवळाच्या पायरीशी मात्र परका. एकाच गावाने एकाच माणसाला 'आपला का?' या प्रश्नाची दोन उत्तरे दिली होती.

त्या दुसऱ्या उत्तराचा जाब याच नाशकात विचारला गेला. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली आधी सभा भरली आणि मग मिरवणूक काळारामाकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. ज्यांना गोतात घेतले नाही, त्यांनी आपली सभा उभारली आणि प्रश्न साऱ्या नगरापुढे ठेवला. आमच्या मते त्या दिवशी 'सभ्य' या शब्दाचे खरे मानकरी बंद दरवाजाच्या बाहेर उभे होते.

शब्दाचे मूळ शोधावयाचे ते मुळापाशीच थांबण्याकरिता नव्हे. मुळात सभा आप्तांची होती, हे खरे. परंतु तिने मोठेपण मिळविले ते परक्याला आप्त करून. उद्या या पटांगणावर शेजारी कोणी अनोळखी माणूस येऊन बसेल, तेव्हा थोडे सरकून त्याला जागा द्यावी. या जुन्या शब्दाचा अर्थ तेवढ्या कृतीत सामावलेला आहे.