संगीतातील आज्ञेची भाषा

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले की वडसा येथील नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. झाडीपट्टीच्या या रात्रभर चालणाऱ्या प्रयोगांत ऑर्गन व तबला यांच्या जोडीस ऑक्टोपॅडही असतो. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ साली हे वाद्य प्रथम विक्रीस आणले तेव्हा त्यास स्वतःचा आवाजच नव्हता, ही गोष्ट सहसा ध्यानी घेतली जात नाही. आघात झाला की ते केवळ संदेश पाठवी. नाद काढणारे यंत्र निराळे असे.

त्या संदेशाची भाषा म्हणजे १९८३ मधील 'मिडी'. तीत स्वराची उंची आणि आघाताचा जोर ० ते १२७ या आकड्यांत सांगावयाचा. मांडणी उघडच पियानोच्या पट्ट्यांवर बेतलेली. मींड घ्यावयाची तर स्वराचे वळण वेगळे कळवावे लागते, आणि ते त्या वाहिनीवरील सर्वच स्वरांस लागू होते. आपल्या संगीताची अडचण नेमकी येथे होती.

१९९७ साली बर्कली येथे मॅथ्यू राइट व एड्रियन फ्रीड यांनी 'ओपन साउंड कंट्रोल' ही पद्धती मांडली. तीत ठराविक क्रमांकांऐवजी नावांचा पत्ता, दशांशातील मूल्य आणि वेळेची मुद्रा असून संदेश संगणकांच्या सामान्य जाळ्यावरून जातो. नियम सर्वांस खुले असल्याने मुक्तस्रोत प्रणालींनी ती त्वरेने स्वीकारली. जेम्स मॅकार्टनी यांच्या 'सुपरकोलायडर'च्या तिसऱ्या आवृत्तीत तर रचनेची भाषा व नादयंत्र हे दोन स्वतंत्र भाग करून त्यांचा संवाद याच संदेशांवर सोपविला गेला. 'आर्डर' व 'सीसाउंड' यांनी ही क्षमता स्टीव्ह हॅरिस यांच्या 'लिब्लो' या तयार संग्रहाच्या आधारे मिळविली.

या स्वातंत्र्याची किंमतही पडली. नावे ज्याची त्याने ठरवावयाची. परिणामी एका प्रणालीस 'चालू कर' हे ज्या शब्दांत कळते ते दुसरीस कळत नाही. मिडीचे दारिद्र्यच येथे तिचे बळ ठरले, असे माझे मत आहे. शिवाय जाळ्यावरील नेहमीच्या यूडीपी मार्गाने संदेश पोहोचण्याची हमी नसते. 'थांब' ही आज्ञा हरवली तर स्वर वाजतच राहतो.

मराठी अभ्यासकास अधिक खटकेल ते निराळेच. २००२ च्या नियमांनुसार पत्ता केवळ अॅस्की, म्हणजे रोमन लिपीच्या, चिन्हांत लिहावयाचा. 'ढोल' हे नाव देवनागरीत घालता येत नाही. मजकूर म्हणून पाठविण्यासही तोच निर्बंध आहे; 'ब्लॉब' नावाच्या, अर्थ न सांगणाऱ्या बाइटसमूहात बांधून मात्र ते पाठविता येते.