मखरातली मुलगी

मुलीला पहिल्यांदा न्हाण आले की घरात मखर उभारण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत महाराष्ट्रातील अनेक जातींत चांगलीच रुळलेली होती, आणि ज्यांच्या पणज्या त्या मखरात बसल्या अशी घराणी शोधण्यासाठी आजही फार लांब जावे लागत नाही. लग्न आठव्या-नवव्या वर्षी होऊन गेलेले असे. मुलगी सासरी असली तर माहेरी आणि माहेरी असली तर सासरी साखर घेऊन निरोप्या जाई. विटाळाचे तीन दिवस तिला कोणी शिवायचे नाही, तरी केळीचे खांब बांधून सजवलेल्या मखरात तिला बसवायचे, आणि आप्तेष्टांच्या बायकांनी गोडाधोडाची ताटे घेऊन वाजतगाजत यायचे. चौथ्या दिवशी तेल-हळद लावून तिला न्हाऊ घालीत, फुलांच्या वाड्या घालून ओटी भरीत, आणि तिने मान वर करू नये अशा बेताची गाणी म्हणत. मग जोशीबुवा तिथी, वार, नक्षत्र पाहून शुभाशुभ सांगत, अशुभ निघाल्यास ऋतुशांती होई, आणि ती आटोपली की गर्भाधानाचा मुहूर्त धरला जाई.

ह्या समारंभाचे वर्णन करताना जुन्या पिढीतील लोक मखराची आरास, वाजंत्री आणि जेवणावळी यांवर रमतात. माझे लक्ष मात्र त्या मखरात बसलेल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलीला काय ठाऊक होते, ह्या प्रश्नाकडे जाते. आळीतल्या प्रत्येक सुवासिनीला तिची बातमी होती, जोशीबुवांच्या पंचांगात तिची घटिका नोंदली गेली होती, आणि ज्या देहाविषयी हे सारे चालले होते त्याचे व्यवहार तिला कोणी समजावून सांगितलेले नव्हते. लहानपणी, आई कोपऱ्यात का बसली म्हणून विचारले तर ‘कावळा शिवला’ एवढेच उत्तर मिळे; आता तो कावळा आपल्यालाच शिवला म्हणजे काय झाले, हे विचारण्याची सोय नव्हती. शिकवण मिळे ती नियमांची: लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, पापड वाळत घातले असतील तिकडे फिरकायचे नाही, पाणी वरून वाढून घ्यायचे, जुन्या लुगड्याच्या घड्या कोणाच्या नजरेस पडणार नाहीत अशा अंधाऱ्या जागी वाळवायच्या. ज्या कपड्याला उन्हाची सर्वांत अधिक गरज त्यालाच ऊन वर्ज्य ठरवणारा हा नियम कोणत्या शहाण्याने घातला, कोण जाणे.

आणि आई? आमच्या जुन्या कुटुंबरचनेत आईवर ही जबाबदारी पडतच नव्हती, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मुलगी ‘शहाणी’ होईपर्यंत ती दुसऱ्या घरची झालेली असे, आणि जे काही सांगायचे ते थट्टेच्या मिषाने एखादी थोरली जाऊ किंवा आतेसासू सांगे. विवाहाच्या शय्येविषयी आईने मुलीशी बोलावे असा प्रसंगच त्या व्यवस्थेत येत नव्हता. म्हणून आज एखादी आई दहा वर्षांच्या लेकीपाशी हा विषय काढताना अडखळते, तेव्हा तिच्या मागे कसलीही परंपरा उभी नसते, न मोडलेली न पाळलेली.

मुंबईच्या रखमाबाईंची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. तिच्या आईचे, जयंतीबाईंचे, लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी लावून दिले, आणि नंतर काही महिन्यांतच ती ऋतुमती झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे गर्भाधानाची वेळ आली. सावत्र वडील वैद्यकशास्त्र जाणणारे होते. एवढ्या कोवळ्या वयात संसार सुरू होणे त्यांना मान्य नव्हते, आणि त्यांनी त्या गोष्टीस साफ नकार दिला. 1884 साली नवऱ्याने नांदावयास येण्याबद्दल फिर्याद लावली. 1885 साली निकाल तिच्या बाजूने लागला, 1887 साली दुसऱ्या न्यायाधीशांनी नांदायला जा अथवा सहा महिन्यांची कैद भोग असे फर्मावले, आणि अखेर 1888 साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढे लंडनला जाऊन डॉक्टर झालेल्या ह्या बाईंचा खटला म्हणून जो इतिहास आपण वाचतो, त्याची सुरुवात एका घरात एका जाणत्या माणसाने ‘अजून नाही’ असे म्हटल्याने झाली. ज्या घरात असे म्हणणारे कोणी नव्हते तिथली कथा आनंदीबाई जोशींची: नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत गेलेले मूल. पेनसिल्व्हेनियातील वैद्यकीय पदवीसाठी त्यांनी निबंधाचा विषय निवडला तोही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचाच.

1890 साली कलकत्त्याकडे फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मरण पावली, आणि संमतिवयाचा मसुदा कायदेमंडळात आला. दहा वर्षांची मर्यादा बारावर नेण्याएवढीच त्याची मजल होती. पण पुण्यात त्यावरून जे रण माजले ते पाहता मर्यादा चोवीसवर नेली असावी असे वाटावे. टिळकांचा ‘केसरी’ परकीय सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये म्हणून गर्जत होता, सुधारकांच्या सभा उधळल्या जात होत्या, आणि डॉ. भांडारकर स्मृतिग्रंथ काढून, पहिल्या ऋतूनंतर लगेच गर्भाधान झालेच पाहिजे अशी शास्त्राज्ञा नाही, हे संस्कृत वचनांनिशी दाखवीत होते. पहिल्या ऋतूची चर्चा इतक्या उघडपणे महाराष्ट्रात त्यापूर्वी झाली नव्हती. वक्ते बहुतेक पुरुष, श्रोते बहुतेक पुरुष, आणि घरोघरच्या ज्या मुलींच्या देहावर तो वाद चालला होता त्या तेव्हा बहुधा भातुकली खेळत होत्या. मार्च 1891 मध्ये कायदा संमत झाला.

पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत शाळा, शहरे आणि 1929 चा शारदा कायदा यांनी मिळून मुलीच्या लग्नाचे वय चौदाच्या पुढे रेटले. 1949 साली ते पंधरा झाले, 1978 साली अठरा. परिणाम असा झाला की न्हाण येण्याचा प्रसंग सासरहून माहेरी आला, आणि कुमारिकेच्या न्हाणाचे मखर करणे म्हणजे घरात घोडनवरी असल्याची दवंडी पिटणे, म्हणून ब्राह्मणी घरांतून तरी ते मखर मुकाट्याने माळ्यावर गेले. जो सोहळा होता ते गुपित झाले. गिरगावातील चाळीत एका खोलीत सात माणसे राहत तिथे बाजूला बसायचे म्हणजे गॅलरीच्या टोकाला कांबळे टाकून बसायचे, त्यामुळे ते गुपितही सगळ्या मजल्याला ठाऊक असे. पण बोलायचे मात्र कोणी नाही. मखर गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही; त्याच्या जागी काय आणायचे याची तजवीज कोणीच केली नाही, ही माझी तक्रार आहे.

ती तजवीज करू पाहणारा एक माणूस झाला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्या मतांपायी 1925 साली विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडली, आणि जुलै 1927 पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालवले. वाचकांनी पत्रे पाठवावीत, कर्व्यांनी कसलाही संकोच न धरता उत्तरे द्यावीत. अशाच उत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. मासिकाचा विषयच कामशास्त्र असताना वाचकाने शंका विचारली आणि संपादकाने उत्तर दिले तर त्यात अश्लील काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. न्यायालयाला तो पटला नाही. दोनशे रुपये दंड झाला. तथापि मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र छापणारे हे मासिक बैठकीत उघडपणे ठेवण्याजोगे नव्हते, मग ते स्वयंपाकघरातील आईच्या हाती पडावे कसे? कर्व्यांचा वाचक प्रौढ होता आणि बहुशः पुरुष होता. दहा वर्षांच्या मुलीपर्यंत जाणारी वाट त्यांनाही सापडली नाही.

शाळेकडून ती निघेल अशी आशा पुढे अनेकांनी बाळगली. 2007 साली पौगंडावस्थेच्या शिक्षणाचा अभ्यासक्रम महाराष्ट्रातील शाळांत यावयाचा होता. त्यातील चित्रांना व मजकुराला लोकप्रतिनिधींनी हरकत घेतली आणि राज्य सरकारने तो थांबवला. आज बहुतेक मुलींना पाळी येते ती सहावी-सातवीच्या आसपास, आणि कित्येकींना त्याआधीच; पुस्तकातला पुनरुत्पादनाचा सविस्तर धडा त्यानंतर काही इयत्तांनी येतो, आणि तो आला की कितीतरी वर्गांत शिक्षक म्हणतात, हा घरी वाचा.