मलम, जेल, पॅच: त्वचेवर लावलेलं औषध जातं कुठे?

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, आणि खरचटल्यावर हळद लावणं हा आपल्याकडचा जुना उपाय. जखमेवरच्या याच वापराचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण धडधाकट त्वचेवर लेप लावला, तर हळद शरीरात जाते का?

अडसर कुठे असतो?
त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्याची जाडी बहुतेक ठिकाणी फक्त १० ते २० मायक्रॉन. विटांमध्ये सिमेंट भरावं, तशी या पेशींमध्ये चरबी भरलेली असते. पार जाण्यासाठी रेणू लहान हवा, साधारण ५०० डाल्टनच्या आत. शिवाय तो चरबीत आणि थोडाफार पाण्यातही विरघळायला हवा.

- निकोटिन (१६२ डाल्टन): सहज पार होतं.
- इन्सुलिन (सुमारे ५,८०० डाल्टन): अडतं, म्हणून सुई लागते.
- हळदीतलं कुर्क्युमिन (३६८ डाल्टन): आकारात बसतं, पण पाण्यात जवळपास विरघळत नाही. त्यामुळे बहुतांश वरच्या थरांतच राहतं.

त्वचेवर की त्वचेतून?
मलम आणि क्रीम बहुधा लावलेल्या जागेपुरतं काम करतात. पॅचमधलं औषध मात्र हळूहळू रक्तात उतरतं. पोटातून घेतलेल्या औषधाचा काही भाग यकृतातच मोडतो. पॅचमध्ये तो टप्पा टळतो. अमेरिकेत पहिल्या पॅचला १९७९ मध्ये मंजुरी मिळाली. प्रवासात मळमळू नये म्हणून तो कानामागे लावतात आणि तीन दिवस चालतो.

‘बाहेरूनच तर लावतोय!’
इथेच फसगत होते. चेहरा आणि जांघेतली त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा कितीतरी जास्त औषध शोषते. गजकर्णावर स्टेरॉईड असलेलं क्रीम लावलं की खाज थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरते. जास्त दिवस वापरलं तर त्वचाही पातळ होते. म्हणून मेडिकलमधून मनाने ट्यूब आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

औषध ज्या वाटेने आत जातं, त्याच वाटेने विषही जातं. कापूस-सोयाबीनवर फवारणी करताना अंगावर कीटकनाशक सांडलं, तर काम थांबवून कपडे लगेच बदला आणि ती जागा साबण-पाण्याने धुवा. घाम, चक्कर किंवा उलटी सुरू झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या.