ताण तोडायच्या दिवशी रुसलेलं इंजिन

नागपुरी संत्र्याचा इतिहास सांगायला बसलं की सुरुवात रघुजी भोसल्यांपासून होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी औरंगाबादहून कलमं आणली, असं सांगतात. मग भोसल्यांची महाराजबाग येते, तिथलं १९०६ सालचं कृषी महाविद्यालय येतं आणि शेवटी २०१४चं भौगोलिक मानांकन. विहिरीच्या काठावर धूर ओकणारं इंजिन या यादीत कधीच नसतं. काटोल-कळमेश्वरच्या बागांवर त्याचे उपकार मात्र थोडेथोडके नाहीत.

त्याच्या आधी मोट होती. बैल धावेवरून उतरायचे, नाडा ताणला जायचा, मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी व्हायची. काय बिघडलं ते डोळ्यांना दिसायचं: चामडं फाटलं, नाडा झिजला, बैल थकला. इंजिनाचा बिघाड पोटात असतो.

सुरुवातीच्या तेलइंजिनांचे तर नखरेच फार. १८९० साली हर्बर्ट ॲक्रॉइड स्टुअर्टने पेटंट घेतलेल्या जातीच्या इंजिनाचा लोखंडी गोळा आधी दिव्याच्या ज्योतीवर तापवायला लागे, तेव्हा कुठे ते चालायचं. डिझेल इंजिनाने ती कटकट संपवली. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत खेडोपाडी लोक इंजिनालाच किर्लोस्कर म्हणू लागले.

आंबिया बहाराचं वेळापत्रक जणू या इंजिनाची परीक्षा घ्यायलाच आखलेलं. डिसेंबरात बागेचं पाणी तोडतात, झाडाला ताण देतात. जानेवारीत ताण तोडून पाणी सुरू केलं की फूल येतं. म्हणजे महिनाभर उभं राहिलेलं इंजिन नागपूरच्या ऐन थंडीत, भल्या पहाटे सुरू करायचं! डिझेलला ठिणगी नसते. हवा दाबली की तापते आणि त्या उष्णतेने तेल पेटतं. गारठलेलं लोखंड ती उष्णता गिळून टाकतं, वंगण घट्ट झालेलं असतं, हँडल मारणाऱ्याच्या खांद्यातून कळा येतात. आणि एकदा ताण तुटला की पाण्यात खंड पडून चालत नाही, फूल गळतं.

जुना मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी हँडल फिरवून बघायचा. व्हॉल्व्ह उचलणारा खटका सोडल्यावरही चाक हलकंच फिरलं, तर दाब निसटतोय. मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा रिंगा झिजल्यात. चाक जड लागतंय, पण धूरच नाही? तेल पोचत नाही. बहुतेक वेळा टाकी एकदा कोरडी पडलेली असते आणि नळीने हवा धरलेली असते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे थांबून तेलाची अखंड धार लागेपर्यंत हवा काढायची. धूर पांढरा येत असेल तर तेल पोचतंय, पण पेटत नाही; अशा वेळी थंडाव्याच्या टाकीत गरम पाणी ओतायचं. हे ज्ञान छापील पुस्तिकेतही होतं. पण पुस्तिका बहुधा घरी फडताळात आणि इंजिन मळ्यात.

विजेच्या मोटारी आल्या, ठिबक आलं आणि विहिरीवरचं इंजिन मागे सरलं. पुरतं हटलं मात्र नाही, ते भारनियमनामुळे. बागेत आता जास्त दिसतं ते फवारणी पंपाचं छोटं पेट्रोल इंजिन. त्याचे आजार वेगळे. फवारणी संपली की ते तसंच कोपऱ्यात पडतं. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे राहिलेला चिकटा जेटचं बारीक भोक बुजवतो. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल अंदाजाने, सढळ हाताने ओतलेलं असलं की प्लग काळा पडतो. दुरुस्तीला आलेल्या पंपातलं जुनं पेट्रोल मिस्त्री आधी ओतून टाकतो, मग प्लग काढून बघतो. पुष्कळदा काम तिथेच संपतं, आणि एवढ्याचे पैसे कसले, यावर दुकानाच्या दारात घासाघीस सुरू होते.