चौदा जानेवारीचा रकाना

वर्तमानपत्रांतल्या ‘दिनविशेष’ सदरात १४ जानेवारीचा रकाना बहुधा १७६१च्या पानिपताने सुरू होतो. पाठोपाठ एक ठरलेले वाक्य येते: ऐन संक्रांतीच्या दिवशी मराठ्यांचा संहार झाला. वाक्य चटका लावणारे आहे. अडचण एवढीच की ते खरे नाही.

मराठी कागदांच्या हिशेबात तो दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. भाऊसाहेबांच्या छावणीत १४ जानेवारी हे नाव कुणाच्या तोंडी असण्याचे कारण नव्हते. खुद्द इंग्रजांनी आजची दिनदर्शिका १७५२ साली, मधले अकरा दिवस गाळून, स्वीकारली होती. त्यांनी आणखी दहा वर्षे दिरंगाई केली असती, तर इंग्रजी कागदांत पानिपताची तारीख ३ जानेवारी पडली असती.

संक्रांत सूर्याच्या मकरप्रवेशावर ठरते, त्यामुळे इतर सणांच्या मानाने तिचे इंग्रजी तारखेशी बरे जमते. पण कायमचे नाही. सरासरी सत्तरेक वर्षांत ती एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३च्या संक्रांतीला झाला, आणि ती होती १२ जानेवारीला. हाच हिशेब आणखी शंभर वर्षे मागे नेला की १७६१ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडते. म्हणजे लढाई झाली तेव्हा सण उलटून तीन-चार दिवस झाले होते.

तसाही त्या छावणीत सण करण्यासारखे काय उरले होते? अब्दाली दक्षिणेची वाट अडवून बसलेला. रसदीची भिस्त ज्यांच्यावर, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. दाणागोटा संपला, जनावरे मरू लागली. सोबत लढाईशी संबंध नसलेला यात्रेकरूंचा आणि बायकापोरांचा मोठा जमाव. उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, असे ठरले आणि फौज सकाळी बाहेर पडली. युद्धाचा दिवस ठरवला तो रिकाम्या कोठाराने. इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आधी रोहिल्यांची दाणादाण उडवली, पण दुपारी विश्वासराव गोळी लागून पडले आणि मग सारेच विसकटले. खचलेले नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले.

याच रकान्यात खाली १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख सापडतात: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. पानिपताशी त्यांचा संबंध शून्य. दिनविशेष अशीच माणसे शेजारी बसवतो.

१९९४च्या नोंदीचे मात्र वेगळे आहे. ही तारीख सरकारने ठरवून निवडलेली. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना ठार मारले गेले. सरकारने ठराव बासनात ठेवला. १९७९मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला; सत्याग्रह, अटका, मोर्चे पुढेही चालूच राहिले. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार झाला. ठरावाच्या वेळी मुख्यमंत्री शरद पवार होते, अंमलबजावणीच्या वेळीही तेच. मधली साडेपंधरा वर्षे ज्यांनी भोगली, त्यांची नावे रकान्यात येत नाहीत.

आज १४ जानेवारीला हरियाणात पानिपतजवळच्या काला अंब स्मारकाशी मराठ्यांच्या स्मरणार्थ लोक जमतात, आणि छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी नामविस्तार दिनाची गर्दी असते. पौष शुद्ध अष्टमीला काला अंबला कुणी जात नाही.